गादीच्या वारसाची दाई

इसोचं दूध बघायला किल्ल्यातून तिघी जणी आल्या, तेव्हा ती खडकांवर समुद्रशेवाळ वाळत घालत होती. आलेल्या बायकांनी नाकाला रुमाल लावले होते. इवाकुची गावात माशांचा वास घरांच्या लाकडातच मुरलेला, त्याला गावकऱ्यांचाही इलाज नव्हता. त्यांनी इसोला घरात नेलं, दात पाहिले, तळपाय पाहिले, आणि काळ्या वाडग्यातल्या पाण्यात तिला दुधाचे थेंब पिळायला लावले. थेंब तळाला गेले. तिघींनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या.

"घरात कुणाला वेड? महारोग?" त्यातल्या थोरल्या बाईनं विचारलं.

"वेड सासूला आहे," इसो म्हणाली, "पण ते माझ्यावर ओरडण्यापुरतंच."

कुणी हसलं नाही. बाहेर तिची सासू तोरा मात्र ऐकत होती. बायका निघून गेल्यावर तिनं वाळवणाची काठीच उचलली. पण ती हाणायच्या आधीच रडायला लागली, कारण दुसऱ्या दिवशी पालखी येणार असा निरोप ठेवून गेल्या होत्या त्या. इसोची लेक हामा तेव्हा जेमतेम पालथी पडायला लागली होती.

"धन्याच्या घरचं बोलावणं," तोरा नाक पुसत म्हणाली. "नाही म्हणायला आपण कोण? पोरगी तोमेच्या दुधावर वाढेल." तोमे म्हणजे इसोची जाऊ. तिचं पोर हामाएवढंच होतं.

इसोचा नवरा कानरोकु दारात जाळं हातात घेऊन उभा होता. त्यानं जाळ्याची एक गाठ सोडली, पुन्हा बांधली. बोलला मात्र एक अक्षर नाही. पालखीत बसताना इसोच्या मनाला तेच लागलं. माणूस गप्प का राहतो? एकतर दुःखानं, नाहीतर आतून राजी असल्यानं. यातलं खरं कुठलं, हे तिला सबंध वाटभर ठरवता आलं नाही.

तोकिसावा संस्थान होतं ओरिहारा घराण्याचं. थोरली पाती किल्ल्यात, धाकटी पाती नदीपलीकडे मुकोयामाच्या हवेलीत. थोरल्या पातीला वारस नसला तर धाकटीचा मुलगा दत्तक जाऊन गादीवर बसायचा, असा जुना करार. आणि धनी दत्तकही न घेता वारसाशिवाय वारले, तर एदोतून सगळ्या जपानवर हुकूम चालवणारे शोगुन संस्थानच खालसा करणार, दोन्ही पात्यांना उपाशी फिरायची पाळी. थोरल्या धन्याची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तेव्हापासून बाजारात कुणी मुकोयामाचं नाव काढलं, की ऐकणारा आधी मागे वळून बघायचा. आता तिसरा मुलगा झाला होता, उमेमारू. त्याच्यासाठी इसोला नेलं होतं.

किल्ल्याच्या जनान्यात पाऊल टाकताच तिचे कपडे उतरवले, केस सोडून विंचरले, नखं मुळापासून कापली. मग नियम सांगितले. पाजताना डोळ्यांखालचा सगळा चेहरा कापडानं झाकायचा. बोलायचं नाही. पोराला हात लावायचा नाही. पोर धरणार जनान्याची कारभारीण शिओत्सुबाई, इसोनं फक्त छाती पुढे करायची.

"का हो, मी खाणार आहे का त्याला?" पहिल्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं.

शिओत्सुबाई सुकलेल्या बांबूसारखी उभी बाई. आवाज चढवायची तिला कधी गरजच पडत नसे. "आधीची दाई पोराला अंगाई म्हणायची," ती म्हणाली. "पोर गेलं. नंतर कळलं, तिचा भाऊ मुकोयामाला घोडे सांभाळत होता. तुझा कोण आहे तिकडे?"

"कुणी नाही."

"बघू."

त्या 'बघू'नंच इसोचे पुढचे दिवस खाल्ले.

आणखी एक गोष्ट होती. पाजायच्या आधी दर वेळी सेकि नावाची दासी यायची आणि इसोच्या गळ्यापासून छातीपर्यंत सफेदा, म्हणजे थोराघरच्या बायकांचा पांढरा लेप, लावायची. उन्हानं रापलेली कोळणीची कातडी गादीच्या वारसाच्या नजरेला पडू नये म्हणून. सेकि दिसायला नाजूक, गप्पिष्ट. स्वतःच्या तोंडालाही तोच सफेदा थापायची, इतका जाड की हसली तर ओठांच्या कडेला भेगा पडत.

"आता कशी बगळ्यासारखी दिसतेस!" ती कुंचला फिरवत म्हणायची. "मघाशी नुसता वाळवलेला बांगडा होतीस."

"बगळा बांगडाच खातो गं," इसो म्हणायची, आणि दोघी आवाज दाबून हसायच्या. अख्ख्या जनान्यात इसोशी हसणारी ती एकटीच. म्हणूनच इसोला वाटायचं, ही माझ्याशी इतकं गोड का बोलते? हिला कुणी लावून दिलंय का?

खायला मात्र राजाचं मिळत होतं. दूध वाढावं म्हणून मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, शिजवलेला गोड्या पाण्यातला कार्प मासा, पांढरा भात, तिळाचे लाडू. मुदपाकखान्यातला मोहेइ आचारी स्वतः ताट घेऊन दारापर्यंत यायचा. जाडजूड, घामट माणूस. "खा, पोरी, खा," म्हणायचा. "खाऱ्या पाण्यातल्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा चिखलासारखा लागतो, ठाऊक आहे मला. आलं जास्त घातलंय बघ."

पोर पहिला महिनाभर तरारलं. पुढे मात्र त्याचं बिनसलं. पाजलं की पोटाशी पाय घेऊन कळवळायचं. मग ओकायला लागलं. मांड्या सुकल्या, कातडी मेणचट झाली, रडण्यातला जोर गेला. वैद्य आले, नाडी बघून गेले, आणि जाताना सगळ्यांनी इसोकडे एकच नजर टाकली.

एका सकाळी तपासनीस सुगाया आला. पडद्याआड बसून त्यानं इसोला प्रश्न विचारले. आवाज मऊ, शेजाऱ्याकडे चौकशीला आल्यासारखा.

"नवऱ्याचं नाव कानरोकु?"

"होय."

"त्याच्याकडे नवी नाव आलीय. देवदाराची. ठाऊक आहे?"

इसोला ठाऊक नव्हतं. त्यांची जुनी नाव तर अशी होती, की एकानं वल्हवायचं आणि दुसऱ्यानं पाणी उपसायचं.

"आणि मासळीबाजारात मुकोयामाच्या कारभाऱ्याशी बोलताना त्याला लोकांनी पाहिलंय. एकदा नाही, बऱ्याचदा. कोळ्याचं तिकडे काय काम?"

"मासे विकत असेल."

"मासे विकून देवदाराची नाव येते?"

कानरोकुचा तो दारातला न बोललेला चेहरा इसोपुढे आला. तिनं नवऱ्याची बाजू घ्यायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेनात. सुगायालाही ते दिसलं असावं.

त्याच दिवशी मोहेइ आचाऱ्याला बांधून नेलं, आणि इसोला किल्ल्याच्या मागच्या कोठीत कोंडलं. तिथे मिठाची पोती असायची. थंडी सुरू झाली होती. अंगावर जाडाभरडा सुती किमोनो, खायला बार्लीचा भात. छाती दुधानं दगडासारखी व्हायची, ती रडत रडत भिंतीवर पिळायची. मनात एकच चाळा. कानरोकुनं केलं असेल का? मला न सांगता? पण मग विष पोहोचवलं कुणी? मोहेइनं? त्यानं आलं जास्त घातलं ते चव लपवायला? प्रत्येक चांगला शब्द तिनं पुन्हा उलटून पाहिला, आणि उलटल्यावर तो वाईटच दिसला.

बर्फ पडत होता त्या दुपारी कोठीचं दार उघडलं. आत शिओत्सुबाई आली, एकटीच. छातीशी पोर. बाईच्या केसांवर बर्फ होता आणि तो झटकायचंही भान तिला नव्हतं.

"दुसरी दाई आणली होती," ती म्हणाली. "भीतीनं तिचं दूधच आटलं. तांदळाची पेज याला पचत नाही. हा उद्या राहणार नाही." मग तिनं अशी गोष्ट केली की इसो बघतच राहिली. तिनं पोर इसोच्या हातात दिलं. "तू विष घातलं असशील तर तुझ्या हातूनच जाऊ दे. नाहीतर वाचव."

इसोनं पहिल्यांदा त्याला धरलं. पोर कसलं, ओल्या पाखराएवढं वजन. तोंडावर कापड नव्हतं, अंगावर सफेदा नव्हता. पोरानं आधी तोंड फिरवलं. मग वास घेतला, आणि असं लुचायला लागलं की इसोला कळ आली.

शिओत्सुबाई रोज येऊ लागली. एका शिपायाखेरीज कुणाला कल्पना नव्हती. थंडी सरत गेली तसं पोर ओकायचं थांबलं. मांड्यांवर वळ्या आल्या. एकदा तर ते इसोचं नाक धरून हसलं. शिओत्सुबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

इकडे मोहेइनं मार खाऊन सगळं कबूल केलं होतं. नदीकाठच्या माळावर त्याचं डोकं उडवलं, बायकापोरांना संस्थानाच्या हद्दीबाहेर हाकललं. पोर बरं झालं होतं, म्हणजे मोहेइच गुन्हेगार, हे सगळ्यांना पटलं. इसोला मानानं जनान्यात परत आणलं. सुगायानं चक्क वाकून सांगितलं, "तुझ्यावर आमचा काही राग नाही." त्याचा तिच्यावर राग नव्हता! तिनं मान खाली घातली आणि ओठ चावला.

पुन्हा पांढरा भात, पुन्हा चेहऱ्यावर कापड, पुन्हा सेकिचा कुंचला. चेरीच्या झाडांना कळ्या धरल्या आणि पोर परत पोटाशी पाय घेऊन कळवळायला लागलं.

शिओत्सुबाईचा चेहरा राखेसारखा झाला. तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की पुन्हा दोऱ्या, पुन्हा कबुल्या. आणि इसोला खात होती ती वेगळीच गोष्ट. मोहेइ मातीत गेला होता. मेलेला माणूस विष घालत नाही. म्हणजे त्यानं कधीच घातलं नव्हतं.

मग कोण?

कोठीत काय नव्हतं, हे ती मनात चाचपू लागली. कार्प मासा नव्हता. पण तो तर आता नवा आचारी शिजवत होता, तीन जणी चाखत होत्या. धूप नव्हता. रेशीम नव्हतं. आणि सेकि नव्हती.

सेकि! गोड बोलणारी, रोज अंगाला हात लावणारी एकटीच. गप्पांच्या ओघात सेकि एकदा बोलून गेली होती, तिची बहीण मुकोयामाच्या हवेलीत शिवणकाम करते. त्या दिवसापासून ती सेकिवर डोळा ठेवून राहिली. डबी कुठून काढते, झाकण कसं उघडते, बोटं कुठे पुसते. सेकि नेहमीसारखी बडबडत होती.

"आज अशी काय बघतेस? नवरीमुलगी पाहायला आल्यासारखी?"

"काही नाही. हात थरथरतोय तुझा."

"हल्ली होतंय तसं," सेकि म्हणाली. "पोटातही मुरडा येतो. रात्रभर डोळा नाही लागत. म्हातारी व्हायला लागले बघ, लग्नाआधीच." आणि बोलता बोलता तिनं कुंचल्याचं टोक जिभेवर ओलं केलं, त्याच डबीत बुडवलं आणि स्वतःच्या गालावरची भेग बुजवली. हसली तेव्हा तिच्या हिरड्यांची कड निळसर दिसली.

इसो तिच्या तोंडाकडे बघत राहिली. विष घालणारी बाई विष चाटत नाही. मुरडा हिलाही, मुरडा पोरालाही. बाजारातून सीलबंद येणारी डबी. पुतळ्यासारखं दिसण्यासाठी जनान्यातली प्रत्येक बाई हेच थापते. पाळण्यातली आधीची दोन पोरंही अशाच पांढऱ्या छातीला लुचली असतील. विष त्या सफेद्यातच होतं, कुणीच काही केलं नव्हतं की काय? मुकोयामानं नाही, मोहेइनं नाही, त्या अंगाई म्हणणाऱ्या दाईनं नाही?

की हा तिच्या भाबड्या मनाचा खेळ, आणि सेकिच खरी गुन्हेगार? तिला खात्री नव्हती. पण सेकिचं नाव तोंडातून काढलं, तर संध्याकाळच्या आत सेकिला बांधून नेतील आणि ती सगळं कबूल करेल. कबूल तर मोहेइनंही केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाजण्याच्या वेळी इसोनं चेहऱ्यावरचं कापड खाली ओढलं आणि शिओत्सुबाईशी बोलली.

"बाईसाहेब, एक सांगायचंय. लाज वाटते सांगायला."

"बोल."

"आमची कोळ्यांची कातडी हलकी. पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या वाऱ्यातली. हा थोरामोठ्यांचा सफेदा तिला सोसत नाही. अंगावर चढला की आतलं दूध नासतं. कोठीत नव्हता, तेव्हा नासलं नाही."

शिओत्सुबाईनं पोर मागे घेतलं. "हे तुला आता सुचलं?"

"हलकेपणा सांगायला जीभ रेटत नव्हती."

"डबीत कुणी काही घातलं असेल, असं तुला म्हणायचंय का?"

याच उत्तरावर सेकिचं जगणं-मरणं होतं. "डबी चांगली आहे हो," इसो म्हणाली. "तीच डबी सगळ्या बायका लावतात. दोष माझ्या जातीचा."

बाईनं विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे. तिची नजर इसोवरून सेकिच्या डबीकडे गेली, डबीवरून परत इसोकडे आली. पण कोळणीची कातडी हलकी असते हे वाक्य असं होतं, की जनान्यात कुणालाही पटलं असतं, अगदी धन्याच्या बायकोलाही. दुसऱ्या दिवसापासून इसोला गरम पाण्यानं धुवून पाजायला बसवू लागले. उमेमारूच्या नजरेला रापलेली कातडी पडू नये म्हणून त्याच्याच डोळ्यांवर रेशमी पट्टी आली. पोराला त्याचं काय! ते पट्टीखालून लुचत राहिलं आणि बाळसं धरत गेलं.

सेकिला इसोनं एकटी गाठून सांगितलं, "ते तोंडाला लावू नको गं. सोड काही दिवस."

सेकिचा चेहरा आक्रसला. "म्हणजे मी काळवंडलेली फिरू, आणि माझी जागा तुला? सगळ्या म्हणतातच, कोळीण वर चढायला बघतेय." त्यानंतर ती इसोशी कधी हसली नाही. पुढच्या पावसाळ्यात तिच्या मनगटातून कुंचला धरवेना, तेव्हा तिला घरी पाठवलं. जगली की गेली, इसोला कळलं नाही.

पोराचं अंगावरचं दूध तुटलं तशी इसो घरी आली. पालखी गावाबाहेरच सोडून गेली. किनाऱ्यावर कानरोकु देवदाराच्या नावेला डांबर लावत होता. तिला पाहून तो उठला नाही. तीही पुढे झाली नाही.

"नाव कुणी दिली?" इतक्या दिवसांनी भेटलेल्या नवऱ्याला तिचा हा पहिला प्रश्न.

"किल्ल्यातल्या जनान्यातून आली. तू गेलीस त्याच महिन्यात. म्हणाले, दाईचा मोबदला." त्यानं कुंचला खाली ठेवला. "मला वाटलं, तूच मागितलीस. नाव घ्या आणि मला विसरा, असं."

"आणि मुकोयामाच्या कारभाऱ्याशी काय बोलत होतात?"

कानरोकु दचकला. "तुला कुणी सांगितलं? अगं, किल्ल्यातला शिपाई एक शब्द सांगेना. तू आहेस की मेलीस तेही कळेना. त्यांची माणसं किल्ल्यात ये-जा करतात, म्हणून त्याच्या पाया पडत होतो. रोज मासे नेऊन द्यायचो मेल्याला. फुकट खायचा आणि म्हणायचा, उद्या विचारतो."

इसो वाळूत बसली. तिला हसू यायला लागलं आणि मग ते थांबेना, शेवटी शेवटी ते हसू राहिलंच नाही. कानरोकु डांबराचे हात लांब धरून तिच्याशेजारी उकिडवा बसला. त्या दिवशी दारात गप्प का राहिलात, हे तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. तेव्हाही नाही, पुढेही नाही.

हामा तोमेला आई म्हणायची. इसोनं हाक मारली की तोमेच्या पदरामागे दडायची. गावातल्या बायका विहिरीवर इसोला जागा करून द्यायच्या, पण जरा जास्तच. किल्ल्यात आचारी मेला, हसरी दासी आजारी पडली, आणि ही तेवढी धडधाकट परत आली, याचा हिशेब त्यांच्या मनात लागत नव्हता. मोहेइच्या बायकोचा पत्ता काढायला इसो हद्दीवरच्या गावांपर्यंत दोनदा पायी गेली. कुणी म्हणालं डोंगरापलीकडे गेली, कुणी म्हणालं नदीत. ती हात हलवत परत आली.

वर्षं गेली. तोरा गेली, हामाचं लग्न झालं. उमेमारू मोठा झाला, रिवाजाप्रमाणे नाव बदललं, गादीवर बसला. पहिल्याच वर्षी त्यानं कोळ्यांकडून घ्यायचा वाळवलेल्या मासळीचा वाटा वाढवला. धाकटी पाती नदीपलीकडे होती तशीच राहिली आणि लोक तिच्याकडे होते तसेच तिरके बघत राहिले.

गादीवर बसल्याच्या आनंदात किल्ल्यातून गावोगाव तांदळाच्या वड्या वाटल्या. इवाकुचीत त्या टोपल्या देवळाच्या पायरीवर ठेवल्या, लाल आणि पांढऱ्या. पोरं हात घालायला लागली तशी आयांनी त्यांना मागे ओढलं. कुणी म्हणेना की खाऊ नका, आणि कुणी खाईना. सगळा गाव उभा राहून इसोकडे बघत होता.

"काय बघताय?" इसो म्हणाली. "मी घालून आणलंय का काही?"

"तसं नाही गं," तोमे म्हणाली. "पण तुला ठाऊक त्यांचं."

इसोनं टोपलीतली एक वडी उचलली आणि तोंडात टाकली. शिळी होती, दातांना चिकटली. ती चावत राहिली, गाव बघत राहिला. मग हामा आपलं पोर पाठीवर सावरत पुढे आली. तिनं आईच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, अजून थोडी थांबली, आणि एक वडी घेतली.